उतारावरचे एकोणीस दगड

१७ मार्च १९८६, सोमवार

चर्चच्या पत्त्यावर आज एक पत्र आलं. सीडर फोर्क चर्चची चिटणीस मी, म्हणून फोडलंही मीच. कॅन्सस सिटीच्या कॉरिन डॅबनी नावाच्या बाईंचं आहे. वय अडुसष्ट, एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. अक्षर वळणदार. मजकूर इथे उतरवून ठेवते:

"माझी आई झिल्फा तुमच्या गावची. १९०९च्या ऑक्टोबरात काउंटीतल्या सगळ्या काळ्या कुटुंबांना एका दिवसात घरं सोडायला लावली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. चुलीवर घेवडा रटरटत होता, तो तसाच टाकून निघालो, असं ती सांगायची. तिची आई हेस्टर रेंडर त्याआधी तीन वर्षं वारली होती. तुमच्या चर्चमागच्या उतारावर तिला पुरलंय. डोक्याशी कोपरा तुटलेला चपटा दगड आणि युकाचं झुडूप. माझी आई गेल्या वर्षी गेली. आपल्या आईशेजारी पुरा म्हणत होती. ते मला जमलं नाही. पण तिथली मूठभर माती आणून तिच्यावर घालावी असं मनात आहे. जागा कुणी दाखवेल का?"

चार वेळा वाचलं. मी बावीस वर्षं याच काउंटीच्या शाळेत इतिहास शिकवते. यातलं एक अक्षर मी वर्गात कधी बोललेले नाही. माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. विचारायचं नसतं, एवढं माहीत होतं.

उत्तर लिहिलं: "तुमचं पत्र मिळालं. जुन्या गोष्टी आहेत. पूर्ण खात्री करून मग सविस्तर लिहीन." यात खोटं काही नाही. तरी पाकीट पेटीत टाकल्यावर हात पुसावासा वाटला.

२३ मार्च, रविवार

हॉइटमामा नेहमीप्रमाणे चर्चनंतर जेवायला होता. आईचा धाकटा भाऊ. एकाहत्तरीतही ट्रॅक्टर स्वतः चालवतो, आणि दफनभूमी समितीचा अध्यक्ष आहे. दोघांना पत्र वाचून दाखवलं. आईने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला आणि तो बशीतच राहू दिला.

मामा म्हणाला, "आपल्याकडे तसली माणसं नव्हतीच कधी."

"मग उतारावरचे ते दगड कुणाचे?"

"दगड म्हणजे दगड. या डोंगरात बटाट्यापेक्षा दगड जास्त पिकतात. यंत्राची दोन पाती मोडलीत मी त्यांच्यावर. लोणी दे इकडे."

"पण नावानिशी लिहिलंय, मामा."

"नाव काय, मीही लिहीन. माझी आजी इंग्लंडची राणी होती. येतेस का माती आणायला?"

हसायला आलं मला. मामा असं बोलतो तेव्हा मला नेहमी हसायला येतं. आई मात्र हसली नाही.

२९ मार्च, शनिवार

काउंटी कचेरीत जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचं बाड पाहिलं. १९०९चा ऑक्टोबर आहे, पण त्यात दोन आठवडे नाहीत. पानं शिवणीपासून कापलेली. बाड काढून देणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "उंदरांनी खाल्लं असेल, बाई."

"पट्टी लावून खातात का उंदीर?"

ती ओशाळली. मग मलाच वाईट वाटलं. तिचा काय दोष!

त्यापुढच्या अंकात एक जाहिरात सापडली. चर्चजवळची जमीन, घर व विहीर यांसह. मालक परगावी गेल्याने. भोपळे अजून वेलावर आहेत.

भोपळे अजून वेलावर. मुलांना अस्सल साधनं वाचून दाखवावीत, असं आम्हाला महाविद्यालयात शिकवलं होतं. ही जाहिरात टिपून घेतली. वर्गात वाचेन की नाही, सांगता येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

चर्चनंतर एकटीच उतारावर गेले. पूर्वी मध्ये कुंपण होतं. दफनभूमी वाढवली तेव्हा ते काढलं, पण उतारावर आपल्यापैकी कुणाला पुरलं नाही. का नाही, असा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. गवतात दगड आहेत. घडवलेले नाहीत, नुसते ओढ्यातले, पण उभे रोवलेले आणि सगळे पूर्वेकडे तोंड करून. रांगा चुकत नाहीत. वरच्या टोकाला युकाचं दांडगं झुडूप, पानं तलवारीच्या पात्यांसारखी. त्यामागे चपटा दगड, एक कोपरा गेलेला.

म्हणजे पत्र खरं आहे.

तरी सगळे नीट मोजले पाहिजेत. कोणता दगड कुठे, किती अंतरावर, याचा नकाशा हवा. नाहीतर मामा म्हणणार, एका झुडपावरून काय सिद्ध होतं? अर्धवट माहितीवर म्हाताऱ्या बाईंना एवढ्या लांब बोलावणं बरं नाही.

येताना एक आठवलं. माझ्या लहानपणी काउंटीच्या हद्दीवर पाटी होती: सूर्य मावळायच्या आत निघून जा. कुणी, तेही लिहिलेलं होतं. वाचायला लागल्यावर जी पहिली वाक्यं मला सलग वाचता आली, त्यातलं हे एक. मी मोठ्याने वाचलं तेव्हा आईबाबांनी माझं कौतुक केलं होतं. मामा ती पाटी दर दोन वर्षांनी रंगवायचा. त्याचं अक्षर चांगलं. पुढे रस्ता रुंद झाला म्हणून ती काढली. रस्ता रुंद झाला म्हणून.

२० एप्रिल, रविवार

आई घेवडा निवडत होती. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "हे भांडं त्यांचं."

आमचं तीन पायांचं बिडाचं भांडं. एक पाय तुटलेला, तिथे घोड्याच्या नालाचा तुकडा ठोकून बसवलाय. फुलांच्या रविवारी, सगळा गाव आपापल्या कबरी सजवून चर्चच्या अंगणात जेवतो तेव्हा, आमचा घेवडा दरवर्षी याच भांड्यातून जातो.

"कुणाचं?"

"रेंडरांचं. पलीकडेच राहायचे. मी वर्षाची होते, मला काय आठवणार! पण आई सांगायची. ते गेले तेव्हा चुलीवर घेवडा होता. करपला असता, म्हणून आणलं."

"आणि परत?"

"कुणाला परत? अगं, माणसं नव्हती ना!"

"आजोबा कुठे होते त्या दिवशी?"

आईने एक किडका दाणा वेगळा काढला. "घोड्यावर. सगळेच होते. न जाऊन कसं चाललं असतं? गिरणीपाशी त्यांच्यातला एक पोरगा मारला होता आधी. कशावरून, ते कुणी नीट सांगायचं नाही. मग घरोघर गेले सांगायला. बाबांनी कुणावर हात उचलला नाही म्हणे. नुसते घोड्यावर होते."

मग म्हणाली, "तू हे लिहून बिहून ठेवू नकोस हं."

लिहून ठेवलं.

४ मे, रविवार

डॅबनीबाईंचं दुसरं पत्र. माझ्या सविस्तर उत्तराची सहा आठवडे वाट पाहिली म्हणतात. १८ तारखेला, फुलांच्या रविवारीच, भाचा गाडीने आणणार आहे. "त्या दिवशी तुमच्याकडे सगळे आपापल्या माणसांना भेटायला येतात असं आई सांगायची. मीही तेवढ्यासाठीच येते." लगेच कार्ड टाकलं: अवश्य या.

साफसफाईची नोटीस आज चर्चमध्ये वाचली. दरवर्षी मीच लिहिते आणि दरवर्षी तीच असते: "शनिवार, १० मे रोजी दफनभूमीची सफाई. गवत कापण्याच्या यंत्राला आडवं येणारं जे काही दिसेल, खुंट, मुळं, दगड, त्याला लाल चिंधी बांधून ठेवावी. चिंधी असलेलं सगळं ट्रॅक्टरने काढण्यात येईल."

मामाला बाजूला घेऊन सांगितलं, उताराला या वर्षी हात लावू नका. तो म्हणाला, "बरं, बरं." मी कारण सांगितलं नाही. माणसं भोवती होती.

८ मे, गुरुवार

शाळा सुटल्यावर उतारावर दगड मोजले. एकोणीस. दोनदा मोजले तेव्हा एकदा अठरा आले, एकदा वीस. गवत गुडघ्याला लागतं. म्हणून प्रत्येकाला खूण केली. समितीच्या खोलीत पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा होता आणि चिंध्यांची पेटी. पांढरा दोरा गवतात दिसला नसता. चिंध्या बांधल्या. खाली रस्त्यावरून पाहिलं तर एकोणीसच्या एकोणीस स्पष्ट दिसत होत्या. पहिल्यांदाच ती माणसं मोजण्याजोगी दिसली. भरून आलं.

मोजमाप करायला लांब फीत हवी. खेळाच्या मास्तरांकडे आहे, उद्या देतील. उद्या संध्याकाळी नकाशा काढायचा आणि चिंध्या सोडायच्या. मग रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं. कसं, ते अजून ठरत नाही, पण बोलायचं.

९ मे, शुक्रवार

शनिवारी पाऊस सांगितला म्हणून मामाने सफाई आज सकाळीच उरकली.

फीत घेऊन पोचले तेव्हा साडेचार झाले होते. उतार सपाट होता. खड्डे बुजवून, वरून फळी ओढून, गवताचं बी टाकलेलं. युका मुळासकट उपटून ओढ्यात.

१० मे, शनिवार

पाऊस आला नाही.

सकाळी मामाकडे गेले. तो ट्रॅक्टर धूत होता.

"मामा, मी सांगितलं होतं ना, उताराला हात लावू नका म्हणून!"

"सांगितलं होतंस. मग चिंध्या कुणी बांधल्या?"

"मी."

"का?"

"मोजायला."

"हां." त्याने नळ बंद केला. "वर्ना, चाळीस वर्षं या गावात लाल चिंधीचा एकच अर्थ आहे. नोटीस कोण लिहितं?"

"मीच."

"मग? एकोणीसच्या एकोणीस काढले बघ. एक विसरलो नाही. मदतीला आलेल्या डेलनं तर विचारलं, अरे, एवढे? म्हटलं, वर्नाबाईंनी खुणा केल्यात, शिकलेली बाई आहे, उगाच नाही करायची."

"तुला माहीत होतं ते काय आहेत."

"आणि तुला?" तो म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "जाऊ दे गं, पोरी. जेवून जा. तुझी मामी काहीतरी तळतेय."

जेवले नाही. पण उठून यायलाही मला पंधरा मिनिटं लागली, हे नमूद केलं पाहिजे.

माझं कुठे चुकलं? फीत आदल्या दिवशीच मागून ठेवायला हवी होती. शाळेतून अर्धी रजा काढायला हवी होती. मामाला कारण सांगायला हवं होतं. या तिन्ही चुका माझ्या आहेत. बाकी दैव.

दगड कुठे आहेत, ते दुपारी कळलं. चर्चच्या अंगणातल्या झेंड्याच्या खांबाभोवती फुलांचा वाफा केलाय, त्याच्या कडेला लावलेत. चुना फासून.

डॅबनीबाईंना येऊ नका असं लिहावं का? उद्या ठरवते.

१४ मे, बुधवार

लिहिलं नाही. आता पत्र पोचणारही नाही.

१८ मे, रविवार. फुलांचा रविवार

लिहायला बसले आहे, पण क्रम लागत नाही. झालं तसंच लिहिते.

अकराच्या सुमारास निळी गाडी फाटकाशी थांबली. भाचा चाकामागून उतरला नाही. बाईंनी खिडकीतून त्याला काही सांगितलं, तो म्हणाला, "इंजिन चालूच ठेवतो, मावशी." बाई उतरल्या. ठेंगण्या, निळी टोपी, हातात मुरंब्याची रिकामी बरणी. अंगणात शंभरेक माणसं होती. बोलणं थांबलं, एवढंच.

मी पुढे झाले, नाव सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "पत्रं तुम्हीच लिहिलीत ना? अक्षर फार नेटकं आहे हो."

तेवढ्यात मामा लांबूनच ओरडला, "या बाई, या! आधी जेवा. आमच्या गावातनं कुणाला उपाशी धाडत नाहीत."

"आधी धाडलं होतं," बाई म्हणाल्या.

एक-दोघं हसले आणि मग हसू नये हे त्यांच्या लक्षात आलं. मामाने मात्र ताट वाढून आणलं. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, आमच्या भांड्यातला घेवडा. भांडं समोर टेबलावरच होतं, नालाचा पाय त्यांच्या बाजूला. बाईंनी भांड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उभ्याउभ्याच चमचाभर घेवडा खाल्ला. "चांगला शिजलाय," म्हणाल्या, आणि ताट खाली ठेवलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण एका वेळी एकच सांगावं, आधी दगडांचं सांगावं, असं मला वाटलं.

उतारावर नेलं. बी रुजून कोवळं गवत आलंय, हिरवंगार. त्या इकडे तिकडे पाहत राहिल्या.

"झुडूप कुठंय?"

मी सगळं सांगितलं. पत्र, मोजणी, चिंध्या, फीत, शुक्रवार. माझ्या बाजूने काही लपवलं नाही. त्यांनी मध्ये एकच विचारलं.

"चिंध्या लालच का बांधल्यात?"

"दिसाव्यात म्हणून."

"दिसल्या तर खऱ्या!"

मग म्हणाल्या, "किती होते म्हणालात?"

"एकोणीस."

"अठरा ना?"

"एकोणीस. तीनदा मोजले."

त्या गवतातच खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पण नाही. म्हणाल्या, "आई असताना अठरा होते. बोटांवर मोजून दाखवायची, नावानिशी. गिरणीपाशी मारला तो तिचा भाऊ. अँसेल. सतरा वर्षांचा. आजोबांनी आईला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवून पुढे धाडलं, आणि आपण दोन दिवसांनी येऊन मिळाले. मागे राहून काय केलं, ते कधी बोलले नाहीत. पोराला पुरलं की ओढ्यात टाकला, हे आईला मरेपर्यंत कळलं नाही." त्या गवतावरून हात फिरवत होत्या. "एकोणीस. म्हणजे पुरलं."

मी म्हटलं, "म्हणजे निदान एवढं तरी..."

"बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या आईला तुम्ही जिवंतपणी हाकललंत. आजीला मेल्यावर. आता मधेच चांगलं काही शोधू नका."

खाली आल्यावर झेंड्याच्या खांबापाशी थांबल्या. पांढरे दगड एकेक पाहत गेल्या. कोपरा तुटलेला सापडला. रुमाल ओला करून चुना पुसायला लागल्या. निघेना. अंगणात लोक जेवत होते. माझी आई उठून आत गेली.

मी म्हटलं, "हा घेऊन जा. मी समितीला सांगते."

"दगड नेऊन काय करू? दगडाखाली ती होती."

बरणी त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर जुन्या कागदावर झिल्फाबाईंच्या हातचं लिहिलेलं: नासपती, १९७९. "जागा कळली की भरून पाठवा. खात्री झाल्यावरच."

गाडी वळली तेव्हा मामा म्हणाला, "सभ्य बाई वाटली. जेवली पण नाही धड."

२५ मे, रविवार

चिटणीस म्हणून सफाईचं इतिवृत्त लिहायचं होतं. "एकोणीस दगड काढले" असं लिहिलं, मग "दगड" खोडून "कबरींचे दगड" केलं. सभेत वाचलं. मामाने दुरुस्ती सुचवली: नुसतं "दगड" एवढंच ठेवावं. हात वर करून मत घेतलं. सगळे हात वर. मोजायचं काम चिटणिसाचं, म्हणून मी मोजले. आईचाही होता.

दुरुस्ती मीच केली. नियम तसा आहे.

३ ऑगस्ट, रविवार

उताराच्या वरच्या टोकाला तीन हिरवी पाती वर आली आहेत. तलवारीसारखी. मूळ खोल राहिलं असणार. मामा शेजारी येऊन उभा राहिला. "मरत नाही हो ही जात," म्हणाला. "चिंधी बांध, उद्या औषध मारतो."

"नाही बांधणार," मी म्हटलं. "आणि तूही हात लावायचा नाहीस. इथे हेस्टर रेंडर आहे."

चर्चच्या पायरीवरच्या लोकांनाही ते ऐकू गेलं असणार. गाडीतून बरणी आणली, गुडघ्यावर बसले, सगळ्यांसमोर हातांनी माती भरली. घरी येऊन खोक्यात कापडाच्या चिंध्या घालून ती बांधली. या वेळी पांढऱ्या.

बरं वाटतंय. एवढं बरं वाटणं योग्य आहे का, कोण जाणे.

२४ ऑगस्ट, रविवार

डॅबनीबाईंचं पत्र आलंय.

"माती पोचली. काल आईवर घातली. आभार मानते, तुम्ही ती सगळ्यांसमोर भरलीत हे वाचून बरं वाटलं. आता एकच विचारते. आईच्या गोष्टीत एक भांडं असायचं. बिडाचं, तीन पायांचं, एका पायाला घोड्याचा नाल. तसंच एक मी त्या दिवशी तुमच्याकडे पाहिलं. ते कुणाचं, हे तुम्हाला माहीत आहे का?"

आईला वाचून दाखवलं नाही. ती अठ्ठ्याहत्तरची आहे आणि भांडं चुलीवर आहे. संध्याकाळी मामा जेवायला येतोय. तिने जे सांगितलं ते तिच्या आईच्या तोंडचं, आणि आजी जाऊनही आता तीस वर्षं झाली. नालाचा पाय असलेली भांडी त्या काळी आणखीही असतील. ऐकीव गोष्टीवरून कुणाला काही कळवणं, आणि तेही लेखी, हे मला बरं वाटत नाही.

पण उत्तर लांबवलं नाही. दुपारीच लिहून टाकलं:

"तुमचं पत्र मिळालं. जुन्या गोष्टी आहेत. पूर्ण खात्री करून मग सविस्तर लिहीन."